पैलतीर आणि बंदर : मराठी सागरी गद्याविषयी एक विचार

मराठीत एखादे काम पुरे झाले म्हणजे ते 'तडीस गेले', 'पार पडले', 'कडेस लागले' असे आपण म्हणतो. तड, पार आणि कड हे तिन्ही शब्द मुळात काठाचे आहेत, आणि तो काठ नदीचा आहे. पाथरीसारख्या गोदावरीलगतच्या मुलखात हे सांगण्यासाठी व्युत्पत्तीचा आधार शोधावा लागू नये. नावेत बसावे, नावाड्याला त्याचे पैसे द्यावे, आणि पलीकडे पाय टेकताच प्रवास संपला असे समजावे, ही त्या अनुभवाची रीत. जनाबाईचे गंगाखेड याच नदीवर आहे. नामदेवांची नरसी तेथून फार दूर नाही. संतांच्या रूपकातील भवसागर हा नावाने सागर असला तरी त्याची घडण नदीचीच आहे. एक तारक, एक नाव, समोर एक तीर. त्या भवसागरात बंदर नाही. पैलतीरी पोचलेल्या जिवाला जकात द्यावी लागत नाही, आणि गोडे पाणी कोठे मिळेल असे त्याला कोणाला विचारावेही लागत नाही.

या रूपकाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु त्याने मराठी गद्याला एक सवय लावली, ती अशी की पोचणे म्हणजे संपणे. शिडाच्या नौकेतून देशोदेशी हिंडणाऱ्या नाविकाचा अनुभव याच्या नेमका उलट असतो. त्याचे निम्मे कष्ट पोचल्यानंतर सुरू होतात. हे निम्मे कष्ट मराठीत का आले नाहीत, आणि आणावयाचे झाल्यास कोणत्या शब्दांनी आणावेत, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विचार मर्यादित आहे.

प्रथम त्या अनुभवाचे स्वरूप पाहू. आठवडेच्या आठवडे पाण्यावर काढून नौका परक्या बंदराजवळ येते. तोवर नाविकाने सलग झोप घेतलेली नसते, आणि किनारा जवळ आला म्हणून ती घेताही येत नाही. खडक, वाहतूक आणि उथळ पाणी ही संकटे किनाऱ्यापाशीच अधिक. आत शिरताना ज्या देशाच्या पाण्यात आलो त्याचे लहान निशाण आणि त्याबरोबर एक पिवळे निशाण चढवावे लागते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार या पिवळ्या निशाणाचा अर्थ 'माझी नौका निरोगी आहे, बंदरात मोकळीक मिळावी' असा आहे. भाषाभ्यासकाने या चिन्हापाशी थोडे थांबावे. येथे विधान आणि विनंती एकाच कापडात आहेत, आणि उत्तर येईपर्यंत विधान करणाऱ्याला जमिनीवर पाय ठेवण्याचा अधिकार नाही. तो काठापासून चार हातांवर असतो, आणि तरीही पोचलेला नसतो.

मग अधिकारी येतात. कागद, शिक्के, प्रश्न. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे उरलेली फळे, भाज्या, बियाणे, मध यांची कसून तपासणी होते, आणि पुष्कळ जिन्नस जप्त होतात. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून नौकेच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळाशिंपल्यांचाही हिशेब द्यावा लागतो. महिनाभर पुरवून वापरलेली शेवटची लिंबे अशा वेळी डोळ्यांदेखत पिशवीत बंद होऊन जातात. त्यानंतर डिझेल, पाणी, फाटलेले शीड, बिघडलेला पंप, खारलेल्या कपड्यांचे गाठोडे. जमिनीवर उतरल्यावर जमीनच हलते आहे असे वाटते, कारण शरीर अजून लाटेचा तोल सांभाळीत असते. कोणी अनोळखी गृहस्थ घरी जेवावयास नेतो. कोणी दुकानदार सुट्या भागासाठी पंधरा दिवस थांबवून ठेवतो. आणि हे सर्व चालू असताना पुढच्या समुद्राचा ऋतू हातचा जाऊ नये ही धास्ती असतेच.

आता मराठी प्रवासगद्याकडे वळू. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चा, अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे, गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' १९५९ चे. या शेवटच्या ग्रंथाचे नावच आपल्या परंपरेचा कल सांगते: समुद्र हा ओलांडावयाचा, जे पाहावयाचे ते त्याच्या पलीकडे. या लेखकांच्या गुणवत्तेविषयी मला काहीच उणे बोलावयाचे नाही. काणेकरांनी मराठी प्रवासवर्णनाला स्थलवर्णनाच्या जाचातून सोडविले हे आपण वर्गात शिकवितो ते योग्यच आहे. पण आपला प्रवासी लेखक बोटीवरचा असला तरी तो उतारू असतो. नांगर कोण टाकतो आणि पाणी कोण भरतो हे त्याच्या खोलीतून दिसत नाही. म्हणून बंदर त्याला देखावा म्हणून भेटते. समुद्राला उद्देशून लिहिलेली मराठीतील सर्वांत परिचित कविता, सावरकरांची १९०९ ची, परदेशच्या किनाऱ्यावर उभे राहून म्हटलेली आहे; आणि मराठी मनातील सर्वांत प्रसिद्ध परके बंदर, १९१० चे मार्सेय, एका उडीपुरते आपल्या ध्यानात आहे. दोन्ही ठिकाणी प्रसंग असामान्य. रोजचे बंदर कोठेच नाही.

याचे एक कारण उघड आहे. समुद्रगमनाचा निषेध आणि प्रायश्चित्ताचा धाक ज्या वर्गात बळकट होता, लेखणीही बहुतांशी त्याच वर्गाच्या हाती होती. कोळी, खारवी, भंडारी, दालदी हे समुद्रावर होते. त्यांच्या तोंडी शब्द होते. परंतु ते शब्द ग्रंथात आले ते फारतर कोशकारांच्या कृपेने.

मात्र यजमानाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण लढाईच्या दृष्टीने पुष्कळांनी वाचले आहे. बंदराच्या दृष्टीने ते क्वचितच वाचले जाते. त्यात परमुलकी सावकाराच्या तारवाविषयी जी आज्ञा आहे तिचा आशय असा, की तारवापाशी कौल नसला तरी एकाएकी दस्ती करू नये. आश्वासन देऊन त्यास बंदरात आणावे, लाकूडपाणी आणि जो जिन्नस लागेल तो मिळवून द्यावा, आणि घेणे ते माफक घ्यावे. राजनीतीचा ग्रंथ लाकूडपाण्यावर उतरतो हे मला फार महत्त्वाचे वाटते. परक्या खलाशाला पहिल्या दिवशी काय हवे असते हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. यात व्यापार वाढविण्याचा हिशेब आहे हे खरेच. पण हिशेबी माणसालाही समोरच्याची तहान समजावी लागते. आज्ञापत्राच्या गद्याचा नेटकेपणा आपण नेहमी वाखाणतो. तो नेटकेपणा अशा प्रत्यक्ष ज्ञानातून आला आहे.

कौल नसलेल्याचे काय होई याचा एक जुना दाखला पाथरीच्या वाचकाला दूरचा वाटू नये. निजामशाहीचे घराणे मूळचे पाथरीचे अशी हकीगत फिरिश्त्याने दिली आहे, आणि पुढे याच निजामशाहीच्या ताब्यात चौल हे भरभराटीचे बंदर होते. ही राजवट उभी राहण्यापूर्वी, बहमनी अमलात, १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. तो घोडा जुन्नरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला, आणि धर्म बदललास तरच तो परत मिळेल असे सांगितले; मध्यस्थीने घोडा कसाबसा सुटला. निकितीनच्या वृत्तांतात रशियन वाक्यांच्या मधोमध तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांची सरमिसळ येते, आणि ती प्रार्थनेतही येते. बंदर प्रथम माणसाच्या जिभेवर जकात घेते, असे गमतीने म्हणता येईल.

ही सरमिसळ आपल्याही घरात आहे. बंदर, नाखवा आणि सारंग फारसीतून. खलाशी आणि सुकाणू यांची मुळे अरबीत. मोल्सवर्थने नोंदलेला 'फुरजा' हा धक्क्याचा शब्दही अरबी. पोर्तुगीजांकडून आलेले शब्द तर पाथरीच्या कोणत्याही स्वयंपाकघरात सापडतील: पाव, पिंप, बालदी, चावी, पगार. ही यादी पुन्हा वाचून पाहावी. भाकरीऐवजी पाव, पाणी साठवण्याचे पिंप, ते उपसण्याची बालदी, कुलपाची चावी, कामाचा पगार. परक्या बंदरात उतरलेल्या माणसाच्या गरजांचीच ती यादी आहे. शेकडो किलोमीटर आत, जेथे समुद्र कोणी पाहिलेला नसे, तेथपर्यंत बंदर शब्दांच्या पायांनी चालत आले.

'नांगर' या शब्दाची कथा याहून मनोरंजक. पाथरीच्या काळ्या रानात नांगर म्हणजे जमीन उलथणारे अवजार. त्याचे नाते संस्कृत 'लाङ्गल'शी. कोकणात नांगर टाकला म्हणजे गलबत थांबले. तेथे फारसी 'लंगर' मराठीच्या तोंडात बसताना नांगराच्या रूपात मिळून गेला. एका शब्दाने एकाकडे चालणे सुरू होते, दुसऱ्याकडे थांबते. (दखनी कानाला 'बंदर' या शब्दातून माकडच प्रथम दिसते, हे शिकविताना ध्यानात ठेवलेले बरे.) या मिश्र भाषेचे मोल परक्यांनी आधी ओळखले. टॉमस रोबकने खलाशांच्या हिंदुस्तानीचा कोश १८११ मध्येच प्रसिद्ध केला, आणि तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत उपयोगात राहिला. कारण सरळ आहे: वाऱ्यात हुकूम समजला नाही तर डोलकाठी मोडते.

अलीकडच्या काळात मात्र शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी माणसे आपल्याच किनाऱ्यावरून निघाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधली गेली. डिसेंबर १९६५ मध्ये ती मुंबईहून निघाली. दक्षिण आफ्रिकेत पोचेपर्यंत पैसे संपले, आणि प्रवाशांना तेथे राहून नोकऱ्या कराव्या लागल्या. पुढे याच नौकेतून त्याने कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तो फॉलमथला परतला. तेव्हा जकात अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे पुसले, कोठून आलात? उत्तर होते, फॉलमथहून. एवढ्या प्रचंड प्रवासाची सांगता जकातीच्या ठरीव प्रश्नाने व्हावी, हे बंदराच्या स्वभावाला धरूनच झाले.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने भारतीय नौदलाने 'सागर परिक्रमा' हाती घेतली. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन या चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. त्यांचा 'द फर्स्ट इंडियन' हा ग्रंथ २०१४ चा, मूळ इंग्रजीत. माझ्या मते मराठी अभ्यासकाने तो सागरी साहसाचा ग्रंथ म्हणून वाचण्याऐवजी कामाचा ग्रंथ म्हणून वाचावा. त्याचा मोठा भाग नौका बांधण्यात, कागद हलविण्यात आणि तयारीत जातो, आणि लाटांना त्या मानाने जागा कमी मिळते. अद्भुताची अपेक्षा ठेवणाऱ्याला हा दोष वाटेल. मला तो या लेखनाचा प्रामाणिकपणा वाटतो. लेखक पोचण्याला शेवट मानीत नाही. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून गेलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनाही सुकाणूच्या यंत्रणेतील बिघाडामुळे न ठरलेले पोर्ट लुई हे बंदर घ्यावे लागले. घर समोर दिसू लागल्यावर परक्या धक्क्यावर दुरुस्तीसाठी थांबणे हा प्रसंग कोणत्याही कादंबरीकाराला पुरेल.

असे लेखन मराठीत आणताना अनुवादकापुढे दोन वाटा असतात. एक कार्यालयीन परिभाषेची: सीमाशुल्क, आप्रवासन, विलग्नवास. हे शब्द शासकीय पत्रासाठी ठीक आहेत. दमलेल्या खलाशाच्या तोंडी ते घालता येत नाहीत. दुसरी वाट सगळे इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवण्याची, आणि आजचा नाविक बोलतो तसेच ते असल्यामुळे तिच्यात खोटेपणा नाही. कस्टम, डिझेल, बॅटरी यांना मी हात लावणार नाही. परंतु सुकाणू, शीड, डोलकाठी, नांगर, धक्का, तांडेल हे शब्द जिवंत असताना त्यांच्या जागी इंग्रजी शब्द येऊ लागले आहेत. त्याला गरज म्हणता येत नाही. आपल्या साहित्यिक मराठीने किनारा कधी ऐकलाच नाही, त्याचा हा परिणाम आहे.

राहता राहिला तो बंदरात शिरण्याच्या परवानगीचा शब्द. २०२० च्या साथीत बंदरे बंद झाली, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षाअखेर सुमारे ४ लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्या बातम्या मराठीत देताना वृत्तपत्रांनी 'मंजुरी', 'परवानगी', 'क्लिअरन्स' असे शब्द वापरले. 'कौल' हा शब्द मला यांहून नेमका वाटतो. अरबीत त्याचा अर्थ बोल, दिलेला शब्द. दिलेल्या शब्दावर विसंबून तारू आत येते, ही कल्पना त्यात पुरती सामावलेली आहे. त्यावर आक्षेप येईल तो असा, की आज कौल मतदारांचा असतो, छपरावर असतो, आणि कोकणात देवाला लावला जातो. आक्षेप खरा आहे. पण होडी लोटण्यापूर्वी देवाकडे कौल मागणाऱ्या माणसाने पलीकडच्या बंदरातही कौलच मागावा, यात वाचकाचा गोंधळ होईल असे मला वाटत नाही. कोणता कौल कोणाचा, ते शेजारचे क्रियापद सांगते. देवाला तो लावतात, मतदार तो देतात, आणि बंदराचा तो घ्यावा लागतो.