लोखंडी गोळी आणि अरण्यदेव
ॲनिमेशनपट म्हणजे मुलांना गप्प बसविण्याचे साधन, असा समज आपल्या घरांतून रूढ आहे. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा ‘मोनोनोके हिमे’ अर्थात ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ सालचा चित्रपट पाहावयास बसणाऱ्यांनी तो आधी बाजूस ठेवावा. त्यात रक्त आहे, तुटून पडणारे हात आहेत. लहान बालकांसाठी तो नव्हे. परंतु जाणत्या मुलांसह पाहावा आणि मागाहून जेवताना त्यावर बोलावे, असे त्यात पुष्कळ आहे.

कथा जपानच्या मुरोमाची काळातील. एमिशी जमातीच्या दूरस्थ वस्तीवर एक अजस्र रानडुक्कर चालून येते. ते मूळचे अरण्याचे दैवत. पण देहात रुतलेल्या लोखंडी गोळीच्या वेदनेने आणि संतापाने त्याचे पिशाच्च झालेले असते. तरुण आशिताका वस्ती वाचविण्यासाठी त्यास मारतो आणि त्या झटापटीत त्याच्या उजव्या हातास प्राणघातक शाप जडतो. गोळी कोठून आली, हे शोधण्यास तो पश्चिमेकडे निघतो.

गोळीचा उगम सापडतो तो एबोशी या स्त्रीच्या लोखंडाच्या भट्ट्यांच्या गावी. येथे आपली अपेक्षा असते ती खलनायिकेची. वाळू आणि कोळशासाठी तिने डोंगर बोडके केले आहेत, अरण्यदेवाचा वध करण्याचा तिचा निर्धार आहे. परंतु याच एबोशीने वेश्यागृहांत विकलेल्या स्त्रियांना सोडवून आणले आहे. त्या भट्टीचा भाता तुडवितात आणि मानाने जेवतात. कुष्ठरोग्यांना तिने घर व काम दिले आहे. आम्हांस माणूस मानणारी, आमच्या सडलेल्या जखमा धुणारी ही एकटीच, असे एक जर्जर रोगी आशिताकास विनवून सांगतो. ज्या हातांनी जखमा धुतल्या, त्याच हातांच्या आज्ञेने बंदुका घडतात. चित्रपटाचे खरे बळ या प्रसंगात आहे, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या बाजूस आहे सान. आईबापांनी टाकलेली आणि मोरो या लांडग्यांच्या देवतेने वाढविलेली ही मुलगी अरण्याच्या बाजूने लढते. तिची बाजू न्यायाची आहे. पण तिचे डोळेही द्वेषाने आंधळे झाले आहेत. म्हणजे दुष्टपणास येथे एक चेहरा नाही. तो त्या गोळीसारखा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, आणि जखमी झालेला पुढच्यास जखमी करतो. शापित हातात अचाट बळ येते, ही कल्पनाही मार्मिक आहे. आशिताकाच्या साध्या बाणाने सामुराईचे मुंडके उडते. द्वेष माणसास सामर्थ्य देतो आणि त्याच वेळी आतून खातो, हे प्रवचनाविना मुलांच्या ध्यानी येते.

चित्रपटातील अरण्यदेव हा आपल्या श्रद्धेतील निर्माता नव्हे, हे पालकांनी मुलांस अवश्य सांगावे. जपानी लोकश्रद्धेत झाडे, डोंगर, प्राणी यांच्या ठायी देवत्व मानले जाते. आपण सृष्टीस निर्मात्याची कृती मानतो. तथापि निर्मात्यास वंदन करावे आणि त्याच्या कृतीची नासधूस करावी, हेही आपणांस शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले. मियाझाकींच्या कथेत हे दोन आक्रोश एकमेकांविरुद्ध उभे ठाकतात. भट्टी विझली तर त्या स्त्रियांनी जावे कोठे? आणि भट्टी पेटती राहिली तर अरण्याचे काय? या प्रश्नास सोपे उत्तर नाही, आणि तसे ते देण्याचा आव दिग्दर्शकाने आणलेला नाही.

उणिवाही आहेत. अमरत्वासाठी अरण्यदेवाचे शिर हवे असलेला सम्राट पडद्यावर येतच नाही. त्याचा हस्तक जिगो हसत निसटतो. सर्वांत मोठ्या लोभाचा हिशेब त्यामुळे अपुरा राहतो. शिर परत मिळताच अरण्यदेव कोसळतो आणि उजाड डोंगर क्षणात हिरवे होतात, हेही फार झटपट वाटते. तोडलेले रान इतक्या सहज परत येत नाही.

परंतु सान या हिरवळीने फसत नाही. अरण्य पुन्हा वाढले तरी ते त्या देवाचे अरण्य राहिलेले नाही, हे ती जाणते. आशिताका तिला प्रिय आहे. माणसांना मात्र ती क्षमा करू शकत नाही. तो तिला क्षमेचा आग्रह करीत नाही. ती अरण्यात राहील, तो गाव पुन्हा उभारण्यास मदत करील आणि तिला भेटावयास येत जाईल, इतकेच ठरते. एक हात गमावलेली एबोशीही आता अधिक चांगले गाव वसवू म्हणते. शाप निवळला तरी आशिताकाच्या तळहातावर पुसट वण उरतो.

क्षमेवर विश्वास ठेवणाऱ्या आपणांस हा शेवट अपुरा वाटेल. आम्हांसही तो प्रथम तसाच वाटला. मग ध्यानी आले की, ज्याने दुखावले त्याने क्षमेची घाई करू नये. आधी मोडलेले उभारावयास लागावे. आशिताका तेच करतो. मुलांशी बोलताना आपण तेथूनच आरंभ करावा.