आठ जीबी म्हणजे किती? मुंबईची गेलेली वीज आणि फायरवॉलचे लॉग

'फायरवॉलचे लॉग एका मध्यवर्ती सर्व्हरवर पाठवायचे आणि तिथे त्यांचं विश्लेषण करायचं' हा सिनॉप्सिससाठी लोकप्रिय विषय आहे. आपल्या विद्यापीठाची पेट देणाऱ्यांमध्येही. बहुतेक मसुद्यांत अर्धी पानं टूल कोणतं घ्यायचं यावरच जातात: ग्रेलॉग, इलॅस्टिकसर्च की स्प्लंक. लॉगवरून नेमकं काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, यावर मात्र एक परिच्छेदही सापडत नाही. खरं संशोधन तिथेच आहे. म्हणून आज टूल बाजूला ठेवू आणि महाराष्ट्रातलंच एक प्रकरण घेऊ, ज्यात लॉगमधले आकडे थेट मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेपर्यंत पोचले होते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि कोविडचे दिवस असल्यामुळे रुग्णालयांची चिंता वेगळीच होती. बिघाड महापारेषणच्या कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही यंत्रणेत झाला होता. ऑक्टोबरमध्येच तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली. २८ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित, 'रेडएको' असं नाव दिलेल्या एका गटाने भारतातल्या १० वीज संस्थांना आणि २ बंदरांना लक्ष्य केल्याचं त्यात म्हटलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने हा अहवाल आणि मुंबईची वीज यांचा संबंध असू शकतो अशी बातमी दिली. दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालातले तीन मुद्दे मांडले. एमएसईबीच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स घातले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी डेटा आला असावा, आणि काळ्या यादीतल्या काही आयपी पत्त्यांवरून लॉगिनचा प्रयत्न झाला असावा.

'असावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. अहवाल प्राथमिक होता आणि मांडणीही शक्यतेचीच होती. पण बातम्यांमध्ये 'असावा' टिकत नाही, 'आठ जीबी' टिकतं. माझी टीका या तीन मुद्द्यांच्या मांडणीवर आहे, तपास करणाऱ्यांच्या हेतूवर नाही.

आधी 'एमएसईबीचे सर्व्हर' हा शब्दप्रयोग घेऊ. आपण सगळे अजून 'एमएसईबीवाला आला' असंच म्हणतो, पण हे मंडळ २००५ सालीच विभागलं गेलं: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. शिवाय मुंबईच्या मोठ्या भागात वीज पोचवतात ते बेस्ट, अदानी आणि टाटा. मग सर्व्हर कोणाचा? महावितरणच्या बिलिंगचा की राज्य भार प्रेषण केंद्राच्या नियंत्रण यंत्रणेचा? बिलिंग सर्व्हरवर चौदाच काय, चाळीस ट्रोजन सापडले तरी कळव्याची लाइन त्याने ट्रिप होत नाही. कार्यालयीन नेटवर्क आणि नियंत्रण नेटवर्क यांच्यामध्ये वाट होती का, हे दाखवल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहतं. तुमच्या प्रबंधातसुद्धा 'आमच्या फायरवॉलचे लॉग' एवढं लिहून भागत नाही. फायरवॉल कोणत्या दोन नेटवर्कच्या मध्ये बसली आहे, त्याची आकृती आधी हवी.

आता ८ जीबी. फायरवॉलच्या एका ओळीत साधारण काय असतं? वेळ, कुठून, कुठे, पोर्ट, परवानगी दिली की अडवलं, आणि चांगली फायरवॉल असेल तर किती बाइट्स गेले-आले. आत काय होतं ते नसतं. म्हणजे लॉगवरून मिळणारी ८ जीबी ही नुसती बेरीज आहे. ती किती काळाची? एका तासात आले असतील तर सरासरी वेग साधारण १८ एमबीपीएस, हे डोळ्यात भरेल. एका दिवसात आले असतील तर पाऊण एमबीपीएससुद्धा नाही. महिन्याभरात आले असतील तर २५ केबीपीएस, आणि एवढं तर कुठल्याही कार्यालयाच्या नेटवर्कच्या कोपऱ्यात पडून असतं. कालावधी नसलेली बेरीज म्हणजे दर न सांगता फक्त बिलाची रक्कम सांगणं.

आणि दिशा? मांडणीनुसार डेटा बाहेरून आत आला. हेरगिरीत आपण साधारणपणे आतून बाहेर जाणारा मोठा ओघ शोधतो. आत येणारा मोठा ओघ सॉफ्टवेअर अपडेटचाही असतो, आणि त्याचे सर्व्हर बहुतेक वेळा परदेशातच असतात. 'बेहिशेबी' म्हणायचं तर 'हिशेबी' किती ते आधी मोजलेलं हवं. मागच्या सहा महिन्यांत त्याच सर्व्हरवर परदेशातून रोज किती येत होतं? ती आधाररेषा मध्यवर्ती लॉगमधूनच मिळते, कारण फायरवॉलच्या स्वतःच्या मेमरीत एवढं मावत नाही. समजा सेकंदाला ५०० ओळी, एक ओळ ५०० बाइट्सची. दिवसाला २१.६ जीबी झाले, १८० दिवसांना जवळपास ३.९ टीबी. म्हणून लॉग पुढे पाठवायचे. 'डॅशबोर्ड सुंदर दिसतो' हे त्याचं कारण नव्हे.

काळ्या यादीतल्या आयपींचा मुद्दा मला तिघांत सर्वात कच्चा वाटतो. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही फायरवॉलचा लॉग उघडा, आपल्या वाळूज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याचासुद्धा, असे प्रयत्न दिवसभर चालू दिसतील. शिवाय अनेक ठिकाणी फायरवॉल फक्त अडवलेलं ट्रॅफिक नोंदवते, सोडलेलं नोंदवतच नाही. म्हणजे जे फसलं त्याची नोंद आणि जे जमलं त्याची नाही! शॅडोपॅडसारखं मालवेअर तर आत शिरल्यावर आतूनच बाहेरच्या नियंत्रण सर्व्हरशी बोलतं, आणि ते बोलणं परवानगी असलेल्या नेहमीच्या पोर्टवरून होऊ शकतं. बाहेरून दार वाजवणाऱ्यांची यादी देऊन घरात कोण बसलंय ते कळत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: 'लॉगिनचा प्रयत्न' फायरवॉलला सहसा दिसतच नाही, तिला जोडणीचा प्रयत्न दिसतो. लॉगिन दिसतं सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये. दोन्ही एकत्र ठेवून वेळ जुळवली तरच ते वाक्य म्हणता येतं.

वेळ जुळवणं ऐकायला सोपं वाटतं. बरीच उपकरणं अजून सिसलॉगच्या जुन्या पद्धतीने ओळी पाठवतात. सिसलॉग १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलबरोबर आलं, आणि ते प्रत्यक्षात कसं वापरलं जातं याचं वर्णन २००१ मध्ये आरएफसी ३१६४ ने केलं. त्या जुन्या ओळीत तारीख आणि वेळ असते, पण साल नसतं आणि टाइम झोनही नसतो. आता कल्पना करा: एक फायरवॉल यूटीसीवर आहे, दुसरी भारतीय वेळेवर, आणि मधला सर्व्हर दोघींना भारतीयच समजतो. सकाळी दहाची घटना पहिलीच्या नोंदीत पहाटे साडेचारची दिसेल. साडेपाच तासांच्या या फरकामुळे 'वीज जाण्याच्या थोडंसं आधी संशयास्पद हालचाल' सापडू शकते किंवा हरवू शकते. त्याच पद्धतीत ओळीची मर्यादा १०२४ बाइट्स आहे. बाइट्सचा आकडा लांब ओळीच्या शेवटाकडे असेल तर नेमका तोच कापला जातो. वर वाहतूक यूडीपीवरून, म्हणजे पॅकेट हरवलं तर पाठवणाऱ्यालाही कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. आणि ती हरवतात कधी, तर गर्दीत, म्हणजे हल्ल्याच्या किंवा बिघाडाच्या वेळीच. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने साल आणि झोन आणले, टीएलएसवरून पाठवायची सोयही त्याच वर्षी आली. तरी जुनी पद्धत गेलेली नाही.

केंद्राची बाजूही याच कसोटीवर घासू. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं की दोन पथकांनी तपास केला, वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्यामुळे नाही. मुंबईच्या कारणाबद्दल हे बरोबर असू शकेल. रेकॉर्डेड फ्यूचरनेही त्या मालवेअरचा आणि वीज जाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही असंच लिहिलं होतं, कारण त्यांनी बाहेरून नेटवर्क ट्रॅफिक पाहिलं होतं, आत जाऊन कोड तपासलेला नव्हता. पण 'मानवी चूक' आणि 'घुसखोरी' ही परस्परांना खोडणारी उत्तरं नाहीत. वीज चुकीने गेली असेल आणि त्याच वेळी आत कोणीतरी बसलेलं असेल, हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. राज्याने घुसखोरीच्या खुणा दाखवून कारणाचं सूचन केलं, तर केंद्राचं उत्तर मथळ्यांत कारण नाकारून घुसखोरीचा प्रश्न मिटवल्यासारखं वाचलं गेलं. प्रश्न दोन होते, उत्तरं एकमेकांच्या प्रश्नांना दिली गेली.

ऊर्जा मंत्रालयाच्या तेव्हाच्या निवेदनात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० ला शॅडोपॅडबद्दल इशारा दिला होता आणि एनसीआयआयपीसीने १२ फेब्रुवारी २०२१ ला रेडएकोबद्दल मेल पाठवला. त्या मेलमधले आयपी आणि डोमेन सगळ्या नियंत्रण केंद्रांच्या फायरवॉलवर अडवले आणि लॉगवर लक्ष ठेवलं जात आहे, असं निवेदन सांगतं. ठीक. पण हे लक्ष पुढच्या दिवसांवर आहे. यादी हातात आल्यावर मोठा प्रश्न मागचा असतो: या पत्त्यांशी आपल्यापैकी कोणी आधी बोललं होतं का? १२ ऑक्टोबर ते १२ फेब्रुवारी हे १२३ दिवस. तेवढे जुने, सोडलेल्या ट्रॅफिकसकटचे लॉग असतील तरच उत्तर मिळतं.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं. घड्याळाचा नियम मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो, जरी चर्चा झाली ती सहा तासांत घटना कळवण्याच्या अटीची. १८० दिवस मात्र या प्रकरणाला तोकडे पडतात. १२ फेब्रुवारी २०२१ पासून मागे मोजलं तर आपण १६ ऑगस्ट २०२० ला पोचतो, आणि रेकॉर्डेड फ्यूचरला ही हालचाल २०२० च्या मध्यापासून वाढलेली दिसली होती. म्हणजे घुसखोर पहिल्यांदा कोणत्या दाराने आला, ते पान फाडलेलंच राहिलं असतं.

यातून संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर एक लहानसा, पण मोजता येणारा घ्या. प्रयोगशाळेत एक फायरवॉल, एक लॉग सर्व्हर. ट्रॅफिक वाढवत न्या आणि फायरवॉलने तयार केलेल्या ओळी व सर्व्हरवर पोचलेल्या ओळी मोजा. यूडीपीवर, टीसीपीवर, टीएलएसवर. मग हरवलेल्या ओळी अडवलेल्या ट्रॅफिकच्या जास्त आहेत की सोडलेल्या ट्रॅफिकच्या, ते बघा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, कोणाचा खासगी डेटा लागत नाही, आणि केडीडी ९९ सारख्या पंचवीस वर्षं जुन्या डेटासेटवर ९९ टक्के अचूकता दाखवण्याची वेळही येत नाही.