कठीण हृद्‌रोहिण्यांवरील उपचारांचे ‘यश’ : एक चिकित्सा

वैद्यकीय संशोधनात ‘यशस्वी’ या विशेषणाचा वापर जितक्या सहजतेने होतो, तितक्या सहजतेने त्याची चिकित्सा होत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत कॅल्शियमचे जाड, कठीण थर साचलेल्या रुग्णांवरील उपचार हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या उपचारांसंबंधीच्या काही प्रमुख चाचण्यांचा, त्यांतील यशाच्या व्याख्येच्या अंगाने परामर्श घेतला आहे. कोणते साधन कोणत्या रुग्णासाठी वापरावे, हे ठरविणे हृद्‌रोगतज्ज्ञांचे काम आहे. परंतु पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढला, हा प्रश्न तर्काचा आणि संख्याशास्त्राचा असून तो विचारण्यास इतर विद्याशाखांच्या अभ्यासकांना मज्जाव असू नये.

हा विकार वृद्ध, मधुमेही व मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांत अधिक आढळतो. कॅल्शियममुळे फुगा पूर्ण फुलत नाही. फुगा न फुलल्यास स्टेंट अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा किंवा पुन्हा अडथळा निर्माण होण्याचा धोका वाढतो. म्हणून हिऱ्याच्या कणांचे आवरण असलेले, वेगाने फिरणारे रोटाब्लेटर हे साधन आले. अमेरिकेत त्यास १९९३ मध्ये मान्यता मिळाली. पुढे कक्षीय गतीने कॅल्शियम घासणारे साधन आणि मूतखडा फोडण्याच्या तत्त्वावरील लिथोट्रिप्सी यांची भर पडली.

रोटॅक्सस (२०१३) या २४० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत रोटाब्लेटर गटाचे यश ९२.५ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीचे ८३.३ टक्के होते. मात्र येथे एका पद्धतीकडून दुसरीकडे वळावे लागणे हेही अपयशच गणले होते. फुगा अपुरा पडला म्हणून रोटाब्लेटर वापरले आणि रोहिणी उत्तम उघडली, तरी तो रुग्ण अपयशाच्या रकान्यात जातो. म्हणजे अपयश योजनेचे आहे, रुग्णाचे नव्हे. शिवाय नऊ महिन्यांनी स्टेंटमधील पोकळी कमी होण्याचे प्रमाण रोटाब्लेटर गटातच अधिक आढळले : ०.४४ मिलिमीटर विरुद्ध ०.३१ मिलिमीटर. प्रारंभीचे यश आणि नंतरची स्थिती यांची दिशा एकच असते, हे गृहीतक येथे टिकत नाही.

लिथोट्रिप्सीच्या डिसरप्ट-कॅड ३ या अभ्यासात ३८४ रुग्णांमध्ये ९२.४ टक्के यश नोंदले गेले. वरील ९२.५ या आकड्याशी त्याचे साम्य पाहून दोन्ही साधने समान ठरविण्याचा मोह होतो; तो टाळला पाहिजे. रोटॅक्ससमध्ये उरलेला अडथळा २० टक्क्यांहून कमी असणे आवश्यक होते, तर येथे तो ५० टक्क्यांहून कमी असला आणि रुग्णालयातील वास्तव्यात मोठी गुंतागुंत उद्भवली नाही, की यश पदरी पडते. शब्द एक, मोजपट्ट्या दोन! याहून गंभीर बाब अशी, की या अभ्यासाला तुलना-गटच नव्हता. त्याचे लक्ष्य ऑर्बिट २ या ४४३ रुग्णांच्या अभ्यासावरून ठरविले होते आणि त्यालाही तुलना-गट नव्हता. एका अतुलित आकड्यावर दुसरा अतुलित आकडा उभा राहिला, आणि त्या आधारावर २०१३ व २०२१ मध्ये अमेरिकेत अनुक्रमे कक्षीय साधनास व लिथोट्रिप्सीस मान्यता मिळाली. ही साधने निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. ती अधिक उपयुक्त आहेत, हे या अभ्यासांवरून सिद्ध होत नाही, एवढाच आहे.

या पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एक्लिप्स चाचणीचे महत्त्व लक्षात यावे. २,००५ रुग्ण, यादृच्छिक विभागणी, आणि हृद्‌विकाराने मृत्यू, उपचारित रोहिणीशी संबंधित हृदयविकाराचा झटका किंवा तिच्यावर पुन्हा उपचार करावे लागणे हे एक वर्षाचे मापन. कक्षीय साधनाच्या गटात हे प्रमाण ११.५ टक्के, तर केवळ फुगा वापरलेल्या गटात १०.० टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ नव्हता. म्हणजे सरसकट वापराचा लाभ दिसला नाही.

तथापि या चाचणीचे वाचनही जपून करावयास हवे. ज्या अडथळ्यातून फुगा पुढे सरकतच नाही, तो या तुलनेत येऊच शकत नाही. अशा रुग्णाला घासण्याचे साधन वापरण्यावाचून बहुधा पर्याय नसतो. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष उरलेल्या, म्हणजे दोन्ही मार्ग मोकळे असलेल्या रुग्णांपुरता आहे. आपल्याकडे खर्चाचा प्रश्नही याच रुग्णांच्या बाबतीत टोकदार होतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली असली, तरी कॅल्शियम फोडण्याच्या साधनाचा खर्च त्याव्यतिरिक्त येतो. तेव्हा रुग्णाच्या नातेवाइकांना संमतिपत्रावर सही करताना ‘यशाचे प्रमाण ९२ टक्के’ असे सांगितले गेले, तर ते कशाचे यश, किती काळाचे आणि कोणाच्या तुलनेत, हे त्यांना विचारता आले पाहिजे.