टाक्यातले पाणी आणि पडद्यावरचा डोंगर

दूरचित्रवाणीवर डोंगर दाखविणाऱ्या कार्यक्रमांकडे आपल्या समीक्षेने आजवर गंभीरपणे पाहिलेले नाही. कथा, कविता, आत्मकथन, फार तर नाटक-सिनेमा, एवढ्यापाशी आपली झडती येऊन थांबते. गडकोट, घाटवाटा, सह्याद्रीची भटकंती हे निसर्गप्रेमाचे निरुपद्रवी खाते म्हणून आपण सोडून दिले आहे. परंतु आमच्या कोल्हापुरात घरोघरी जेवणाच्या वेळी जे पाहिले जाते, त्यातून हा मुलूख कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पोरांच्या डोक्यात पक्के होत असते. ते उत्तर तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

हे कार्यक्रम मी आवडीने पाहतो, हे आधीच सांगून टाकतो. मसाई पठारावर धुके उतरताना पाहून मलाही बरे वाटते. माझे भांडण धुक्याशी नाही.

या कार्यक्रमांची परंपरा साहित्यातून आलेली आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने मराठी मध्यमवर्गाला गड कसा पाहावा हे शिकविले: भक्तिभावाने, गहिवरून, पायथ्याच्या माणसाकडे मायेने पण पाहुण्याच्या नजरेने. पुढे मराठी वाहिन्या आल्या, मिलिंद गुणाजींसारखा देखणा नट पाठीला पिशवी लावून घरात शिरला आणि ती नजर लाखो लोकांची झाली. इंग्रजी वाहिन्यांनी तीत साहसाची भर घातली. आता ड्रोन आला आहे. ड्रोनमधून गड फार सुंदर दिसतो, गावेही दिसतात; पण कोणते घर गावात आणि कोणते गावाबाहेर, हे तेवढ्या उंचीवरून कळत नाही. सगळी कौले सारखीच लाल.

या कार्यक्रमांचे लाडके क्रियापद आहे 'सर करणे'. सुळका सर केला, गड सर केला. माझी आई आयुष्यभर डोंगर चढली, ती मोळीसाठी. पहाटे रिकाम्या हाताने वर आणि उन्हे तापायच्या आत डोक्यावर ओझे घेऊन खाली. तिने कधी काही सर केले नाही. डोंगर तिच्यासाठी देखावाही नव्हता आणि शत्रूही नव्हता. रोजगाराची जागा होती, आणि रानवाल्याने धरले तर शिव्यांची. हा अनुभव या कार्यक्रमांच्या भाषेत मावत नाही, कारण त्या भाषेत चालणारा माणूस हौसेनेच चालत असतो.

पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचेच पाहा. दर पावसाळ्यात ही मोहीम कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर असतेच. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजीराजे विशाळगडाकडे निघाले, बाजीप्रभू आणि बांदल मावळे घोडखिंडीत लढले, ही कथा प्रत्येक मराठी पोराला पाठ आहे. २०२२ सालच्या 'पावनखिंड' चित्रपटाने ती पुन्हा गाजविली. शिवा काशीद या कथेत येतो. पायथ्याच्या नेबापूरचा, नाभिक जातीचा हा तरुण राजाचे रूप घेऊन शत्रूच्या छावणीत गेला आणि मेला. कार्यक्रमात त्याच्या वाट्याला त्याच्या पुतळ्यासमोरचे एक मिनिट येते, आणि त्या मिनिटात एकच गोष्ट सांगितली जाते: तो महाराजांसारखा दिसत होता. म्हणजे त्याचे कर्तृत्व त्याच्या चेहऱ्यात. बाजीप्रभूंना निष्ठा, शौर्य, निर्णयशक्ती. शिवा काशीदला साम्य. दुसऱ्या माणसाचे सोंग घेऊन मरणाच्या तोंडी जाताना त्याच्याही मनाने काही निर्णय केलाच असेल की नाही? आणि त्या रात्री चिखलातून पालख्या वाहणारे भोई? ते तर वाक्यातसुद्धा येत नाहीत. पालखी आपोआप चालते.

वाटेवरच्या कुंभारवाडी, खोतवाडी, आंबर्डे, पाटेवाडी या वाड्यावस्त्या, तिथले धनगरवाडे पडद्यावर येतात ते चुलीसह. आमच्या वसतिगृहात एकदा पोरांबरोबर असाच एक कार्यक्रम पाहत होतो. निवेदक एका घरात पिठले-भाकरी खात होता, 'काकू'च्या हातच्या गावरान चवीचे कौतुक करीत होता. शाहूवाडीकडचा एक मुलगा ओरडला, "सर, ती माझी आत्या!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. मग तो हळूच म्हणाला, "तिचं नाव का नाही सांगितलं?" निवेदकाचे नाव पट्टीवर तीनदा येऊन गेले होते. काकूच्या घरात नळ आहे काय, बाळंतिणीला दवाखान्यात कसे नेतात, हे विचारायला त्याला मोहिमेतून सवड झाली नसावी.

परंतु मला सर्वांत जास्त अडकवते ते टाके. प्रत्येक गडाच्या कार्यक्रमात हा प्रसंग ठरलेला. माथ्यावर कातळात खोदलेले टाके, निवेदक ओणवा होतो, ओंजळभर पाणी पितो, डोळे मिटतो आणि म्हणतो, अमृत! किती साधी कृती. ती पाहताना मला दरवेळी दौलताबाद आठवतो. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर तो किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून दारातल्या हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान हौद बाटवल्याचा ओरडा करीत धावून आला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून! ओरडणारे हिंदू नव्हते, आणि हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हेच बाबासाहेबांना त्या हकिकतीतून सांगायचे होते. बॅरिस्टर, गोलमेज परिषदेचा प्रतिनिधी, महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झालेली, आणि किल्ल्यात पाण्यावर पहारा. मराठीत दुर्गभ्रमणाच्या इतक्या गाथा झाल्या, त्यांत ही भ्रमंती कोणी मोजली आहे? दौलताबादचे बुरूज, तोफा, तो अंधारा भुयारी मार्ग मी पडद्यावर अनेकदा पाहिला. तो हौद या हकिकतीसह दाखविलेला एकदाही पाहिला नाही.

टाक्याचा दुसरा इतिहासही आहे आणि तो जुना आहे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांची दाने नोंदलेली आहेत. त्या लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि दात्यांत कल्याणचा एक सोनारही आहे. राजाखेरीज कारागीरसुद्धा डोंगरात पाणी खोदवीत होता. पण निवेदक लेण्यापाशी आला की पांडवांनी एका रात्रीत कोरल्याची कथा सांगून पुढे सरकतो. नाशिकची लेणी 'पांडवलेणी' झाली, लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसला. लोककथा सांगू नये असे मी म्हणत नाही. तिच्या शेजारी शिलालेखाचेही एक वाक्य सांगावे, एवढेच.

हा निव्वळ नजरेचा दोष असता तर मी लेखणी उचलली नसती. ज्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो ती गजापूरची खिंड. कार्यक्रमात खिंड दिसते, गजापूर दिसत नाही. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणे हटवा म्हणून निघालेल्या जमावाने गडाच्या वाटेवरील या गजापुरात मुसलमानांची घरे, गाड्या आणि मशीद फोडली. घरातले भांडेकुंडेही सोडले नाही. एखाद्या कार्यक्रमामुळे हे घडले असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण वर्षानुवर्षे ज्या भूगोलात फक्त वीर आणि शत्रू दाखविले, तिथे राहणाऱ्या माणसाला शत्रूच्या रकान्यात बसविणे सोपे जाते. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात हे घडले. २०२५ च्या जुलैत पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा वाहिन्यांवर पुन्हा ड्रोन उडाले. गजापूर तेव्हाही खालीच राहिले.

हिमालयाच्या कार्यक्रमांत हेच मोठ्या प्रमाणावर चालते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले, बहुतेक शेर्पा. त्याच हंगामात शिखरावरून उडी मारण्याचे थेट प्रक्षेपण डिस्कव्हरी वाहिनी करणार होती. ते रद्द झाले, आणि थोड्याच दिवसांत वाहिनीने त्या दुर्घटनेवरच कार्यक्रम दाखविला. पुढच्याच महिन्यात, २५ मे रोजी, समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकणारी दोन तेलुगू पोरे त्या शिखरावर उभी राहिली: आदिवासी पूर्णा मालावत आणि दलित आनंद कुमार. २०१७ साली चित्रपट निघाला तो पूर्णावर. तिचे कर्तृत्व थोरच. पण आमच्या वसतिगृहात आनंदचे नाव एकालाही ठाऊक नव्हते, आणि ही पोरे तर त्याचीच भावंडे.

आपल्याकडे दुसरी नजर नाही असे नाही. अण्णाभाऊंनी 'फकिरा'त वारणेचे खोरे लिहिले. तिथला डोंगर पाहण्यासाठी नाही. पाठलाग होत असलेल्या भुकेल्या माणसाला पोटात घेणारा आहे. वाटेगावाहून निघून त्या मुलखातून चालत जाणारा एखादा कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही. कोणी करीत असेल तर मी पहिला प्रेक्षक.

तूर्तास आमच्या चार मुलांनी मोबाइलवर काही चित्रण सुरू केले आहे. आत्यावाल्या मुलाने आपल्या वाडीवरच्या टाक्यापाशी एका म्हाताऱ्याला बसवून बोलते केले. पूर्वी पायऱ्या कोण उतरायचे, वरून ओंजळीत पाणी कोणाच्या पडायचे, हे तो हाताने दाखवितो. चित्र हलते, वारा फार आहे, अर्धे बोलणे कळत नाही. आवाज पुन्हा घ्यायला सांगितला आहे, आणि म्हाताऱ्याचे नाव पट्टीवर घालायलाही.