'होय' आणि 'नाही' यांच्यामध्ये : 'ड्रॅगन क्वेस्ट'चे पुनर्वाचन

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते प्रामुख्याने मुलांवरील दुष्परिणाम आणि उद्योगाची वाढ या दोन अंगांनी होते. खेळ ही एक कथनात्म कृती आहे असे मानून तिची चिकित्सा मराठीत क्वचितच केली जाते. प्रस्तुत लेखात 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) या जपानी खेळाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. युजी होरी यांची संहिता व रचना, अकिरा तोरियामा यांची पात्रचित्रे आणि कोइची सुगियामा यांचे संगीत लाभलेला हा खेळ एनिक्स कंपनीने फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी प्रकाशित केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची नव्या दृश्यरूपातील आवृत्ती आल्याने मूळ कृतीकडे पुन्हा वळणे उचित ठरते.

खेळाचे स्वरूप

कथा साधी आहे. एका प्राचीन वीराचा वंशज राजाज्ञेने निघतो, बंदिवान राजकन्येला सोडवतो आणि ड्रॅगनलॉर्ड या दुष्ट सत्ताधीशाशी लढतो. खेळणारा या नायकाची भूमिका घेतो. युद्ध सारीपाटाप्रमाणे पाळीपाळीने चालते. हल्ला, मंत्र, वस्तू किंवा पलायन यांपैकी एक आज्ञा निवडेपर्यंत समोरचा शत्रू थांबून राहतो. मूळ आवृत्तीत जिना उतरण्यासाठीही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. हाताच्या चपळाईला येथे महत्त्व नाही. प्रत्येक कृतीपूर्वी विचाराला अवकाश मिळतो. नायक मेला तर तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. जवळचे निम्मे धन जाते, मात्र कमावलेला अनुभव टिकतो.

तीन प्रश्न

या कृतीचे मर्म तिच्यातील तीन प्रश्नप्रसंगांत आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. पहिला प्रसंग राजकन्येच्या सुटकेचा. मला सोबत नेशील ना, असे ती विचारते. 'नाही' म्हटले तर तोच प्रश्न पुन्हा येतो आणि 'होय' म्हणेपर्यंत येतच राहतो. येथे निवडीचा केवळ आभास आहे.

दुसरा प्रसंग अंतिम युद्धापूर्वीचा. ड्रॅगनलॉर्ड नायकाला अर्धे जग देऊ करतो. या वेळी मात्र दोन्ही उत्तरे ऐकली जातात. 'नाही' म्हटल्यास युद्ध होते. 'होय' म्हटल्यास मूळ आवृत्तीत अंधार पसरतो आणि प्रवास तेथेच संपतो. तिसरा प्रसंग शेवटचा. राजा सिंहासन देऊ करतो आणि तोवर मूक असलेला नायक, खेळणाऱ्याला न विचारता, स्वतःच नकार देतो.

हे तीन प्रसंग एकत्र वाचले म्हणजे रचनेतील संगती लक्षात येते. कर्तव्याच्या ठिकाणी नकाराला वाव नाही. मोहाच्या ठिकाणी पूर्ण स्वातंत्र्य आहे. मोह ओलांडल्यानंतर नायकाला स्वतःचा आवाज मिळतो. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. मोक्षपटात दान पडेल त्यानुसार सोंगटी विकाररूपी सापाच्या तोंडी जाते, म्हणजे पतन खेळणाऱ्यावर ओढवते. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये घाव किती बसेल हे बऱ्याच अंशी दैवावर अवलंबून असले, तरी मोहाच्या प्रश्नावर फासा पडत नाही. तेथे पतन निवडावे लागते. नंतरच्या काही आवृत्त्यांत हा प्रसंग स्वप्न ठरवून नायकाला सरायीत जागे केले आहे. ही सवलत खेळणाऱ्याला सोयीची असली तरी कृतीचा नैतिक भार त्यामुळे हलका झाला आहे.

मर्यादा

कृतीच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. राजकन्या सोडवण्यापुरतीच उरते, तिला स्वतःची इच्छा जवळजवळ नाही. अनुभव वाढविण्यासाठी त्याच त्या लढाया वारंवार कराव्या लागतात आणि त्या कंटाळवाण्या होतात. या खेळाविषयी वाटणारा जिव्हाळा पुष्कळदा स्मरणरंजनातून येतो. समीक्षेने त्यावर विसंबू नये.

निष्कर्ष

सुमारे ६४ किलोबाइट एवढ्या अल्प जागेत बसलेली ही कृती दाखवून देते की, खेळातील अर्थ चित्रांच्या झगमगाटातून नव्हे, तर खेळणाऱ्याला केव्हा विचारले जाते आणि केव्हा विचारले जात नाही, यातून निर्माण होतो. नाटक वा कादंबरीचा वाचक नायकाच्या निर्णयाचा साक्षी असतो. येथे तो त्या निर्णयाचा भागीदार होतो. पुण्यातही आज खेळांची निर्मिती होते. पाळीवर आधारित नसलेला 'राजी' (२०२०) हा पुराणकथांवर बेतलेला खेळ येथील नोडिंग हेड्स गेम्सचा आहे. आपले विद्यार्थी असे खेळ खेळत आणि घडवत असताना त्यांना ते वाचण्याची परिभाषा देणे हे साहित्याच्या अध्यापकांचे काम आहे. आपण ते टाळले, तर या कृतींचे मूल्यमापन केवळ विक्रीच्या आकड्यांवरून होत राहील.