ऑलिव्ह जिभेवर की लेबलवर?

लॅबमधल्या एका सीनियरने बार्सिलोनाहून येताना 'जिन मारे'ची बाटली आणली. (मारामारीशी संबंध नाही. 'मारे' म्हणजे लॅटिनमध्ये समुद्र.) बार्सिलोनाजवळच्या विलानोवा इ ला जेल्त्रू या किनाऱ्यावरच्या गावात बनणारी ही जिन, 42.7 टक्के अल्कोहोलची. ज्युनिपरसोबत रोझमेरी, थाइम, बेसिल आणि आर्बेकिना जातीची ऑलिव्ह. लेबल वाचलं, घोट घेतला आणि वहीत लिहिलं: "आधी रोझमेरी, मग ऑलिव्हचा खारट स्निग्धपणा."

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मला खटकलं. खारट? स्निग्ध? मीठ ऊर्ध्वपातनात वर येत नाही. ऑलिव्हचं तेलही, म्हणजे त्यातली मेदाम्लांची ट्रायग्लिसराइड्स, भांड्यातच राहतात. येतो तो फक्त उडून जाणारा गंध. म्हणजे मी चव नोंदवली नव्हती, लेबल उतरवून काढलं होतं.

मग रूममेटला बसवलं. बाटली झाकलेली. एका ग्लासात साधी लंडन ड्राय, दुसऱ्यात ही. दोन्हींत जिनएवढंच पाणी, म्हणजे अल्कोहोलने नाक बधिर होत नाही. (ग्लास घरचे होते, लॅबचे नव्हेत. कृपया!) दुसरा ग्लास हुंगून ती म्हणाली, "ओवा. आणि निलगिरी."

मी उडालोच. थाइममधला थायमॉल हाच ओव्याचाही मुख्य गंध. रोझमेरीतलं सिनिओल निलगिरीच्या तेलातही भरपूर असतं. तिने थाइम कधी पाहिलेलंही नाही, पण रेणू अचूक ओळखले. ऑलिव्हचं नाव मात्र नाही. बाटली दाखवल्यावर लगेच: "हो हो, ऑलिव्ह आहेच की!"

एकाच व्यक्तीवर, एकदाच केलेली चाचणी, त्यामुळे ऑलिव्ह नाहीच असं तुम्ही यावरून म्हणू शकत नाही. माझी नोंद पुरावा म्हणून बाद होते, एवढंच. फिशरने 1935 च्या पुस्तकात चहाचे आठ कप अंदाधुंद क्रमाने मांडायला लावले, ते याचसाठी. चारचे चारही कप निव्वळ अंदाजाने ओळखण्याची शक्यता 70 मध्ये 1. आमच्याकडे ग्लासच दोन होते.

बाकी जिन म्हणून? मला आवडली, पण एक तक्रार आहे. युरोपीय नियमांनुसार जिनमध्ये ज्युनिपर प्रधान असायला हवं. इथे ते रोझमेरीच्या मागे उभं राहून हात वर करतं. बेसिल मला सापडलीच नाही. टॉनिक घातलं की क्विनाइनचा कडूपणा बारकावे झाकतो, तेव्हा आधी नुसत्या पाण्यासोबत चाखा.

वहीतलं ते पहिलं वाक्य मी फाडलेलं नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी तारीख आणि "लेबल वाचून लिहिले". खाली रूममेटचे शब्द, तिच्याच अक्षरात.