सतरा माणकांची समीक्षा

आमच्या नगरात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) जुनी चावीची घड्याळं जमवण्याची साथ आली आहे. पूर्वी निवृत्त माणसं गुलाब लावीत किंवा होमिओपॅथी शिकत. आता एचएमटी जमवतात. आमच्या एका स्नेह्यांकडे एकतीस मनगटी घड्याळं आहेत. किती वाजले हे मात्र ते मोबाइलवर बघतात, कारण एकतिसांना रोज चावी देत बसलं तर आंघोळीला वेळ कुठला?

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते. मग घड्याळाची का होऊ नये? म्हणून आज 'जनता' या कृतीचं परीक्षण करायला बसलो आहे.

आधी पूर्वपीठिका. एचएमटीचा घड्याळ-कारखाना १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने निघाला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. आम्हा नगरकरांना यात विशेष गोडी आहे. १९४२ ते १९४५ नेहरू आमच्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते आणि वेळेचं करायचं काय, हा प्रश्न त्यांनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून सोडवला. वेळेचं मोल ज्यांना नगरात कळलं त्यांनी पुढे देशाला घड्याळ दिलं, असं आम्ही खुशाल म्हणतो.

आता आशय. पांढरी तबकडी, तीन काटे आणि माझ्या प्रतीवर देवनागरीत 'जनता' ही अक्षरं. वार नाही, तारीख नाही. सांगायचं ते एकच, किती वाजले. इतकं स्पष्ट लिहिलेलं समीक्षकांना सहसा मानवत नाही, पण मला आवडलं. पोटात १७ ज्वेल्स. हे ऐकून आमच्या सौ.चे डोळे चमकले होते. परंतु ती माणकं कृत्रिम असतात आणि चाकांच्या आसांची टोकं झिजू नयेत एवढ्याचसाठी बसवलेली असतात. एकदा चावी दिली की दीडेक दिवस चालायचं, मग स्वस्थ बसायचं. म्हणजे रोज त्याची आठवण ठेवावीच लागते.

दोष कृतीत नाही, संपादनात आहे. स्नेह्यांची बरीचशी घड्याळं 'अगदी नव्यासारखी' आहेत: पोपटी, जांभळी, लिंबू रंगाची. मूळ तबकडी पुसून वर नवी छापलेली. अक्षरं बसकी, मिनिटांच्या रेघा वाकड्या, काटे भलत्याच घड्याळाचे. साहित्यात याला 'प्रक्षिप्त' म्हणतात. ज्ञानेश्वरी आमच्या नेवाशाला १२९० साली झाली. पुढे तिच्यात लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या. शेवटी पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी भर घालू नये अशी ताकीद दिली. घड्याळांना अजून एकनाथ भेटायचे आहेत.

माझी 'जनता' वडिलांची. चाराच्या अंकाशी तपकिरी डाग आहे. बत्तीस उन्हाळ्यांचा घाम आत मुरलेला. कापडबाजाराजवळ जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळवाल्या चाचांना विचारलं, "चाचा, डायल नवी करता येईल?"

चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं. "सर, मशीन धुऊन तेल देतो. दवाखान्यात माणसाचं दुखणं बरं करतात, तोंड नाही बदलत."

इतकी नेमकी समीक्षा मी मासिकांतूनही फारशी वाचलेली नाही.

एचएमटीची घड्याळकंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. आता एका घड्याळाचा जीव घेऊन दुसऱ्यात घालावा लागतो. चाचांचा मुलगा मोबाइलच्या काचा बसवतो. चाचांकडे येणारं गिऱ्हाईक म्हणाल तर बहुतेक संग्राहकच. तेव्हा या मंडळींना सरसकट झोडपणं अन्यायाचं होईल. त्यांच्या छंदावर एक कसब तगून आहे.

म्हणून अभिप्राय असा: जरूर जमवा. तेलपाणी चाचांसारख्यांच्या हातून करून घ्या. रोज एकाला तरी चावी देऊन ते मनगटावर बांधा. पण तबकडीला हात लावू नका. मूळ संहिता उत्तम आहे. संपादकांना तेवढं आवरावं.